मालडब्यांचा मूळबरहुकूमपणा (मॉडेल रेल्वे)

मॉडेल रेल्वेतला मालगाडीचा डबा रुळांवर प्रत्यक्ष धावलेल्या एखाद्या डब्याशी किती जुळतो, ते सांगणारी संकल्पना. खऱ्या डब्याला या छंदातले लोक ‘प्रोटोटाइप’ म्हणतात. मराठीत मालडब्याला ‘वाघीण’ म्हणायची जुनी रीत आहे. या नोंदीत मात्र मुख्यतः उत्तर अमेरिकेतल्या बंद मालडब्याचा, म्हणजे बॉक्सकारचा, विचार केला आहे. मालडब्यांचा इतका बारकाईने अभ्यास करून मॉडेल बनवण्याची परंपरा तिथेच सर्वांत जास्त रुजली.

‘हुबेहूब’ या शब्दाने इथे काम भागत नाही. डबा सुबक आहे, रंग छान लागला आहे, रिव्हेटही कोरले आहेत, तरी तो मूळबरहुकूम नसू शकतो. विचारायचा प्रश्न असा : या कंपनीचा, या क्रमांकाचा डबा या वर्षी असा दिसत होता का? कंपनी, क्रमांक आणि वर्ष या तिन्हींचे उत्तर एकाच वेळी ‘होय’ यावे लागते. म्हणून मूळबरहुकूम डबा बनवणे हे निम्मे हातकाम असते आणि निम्मे दप्तरातले काम.

इंजिनापेक्षा मालडब्याचे प्रकरण अवघड का, हे अमेरिकी रेल्वेच्या रचनेत दडलेले आहे. तिथे सरकारी मालकीची एकच रेल्वे नव्हती. शेकडो खाजगी कंपन्या होत्या आणि प्रत्येकीचे डबे स्वतःचे. इंजिन बहुधा आपल्याच कंपनीच्या रुळांवर राही. डबा मात्र माल भरून एका कंपनीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे देशभर फिरे. त्यामुळे एका कंपनीचा छोटासा फाटा उभारणाऱ्यालाही पंचवीस-तीस कंपन्यांचे डबे जमवावे लागतात आणि प्रत्येकाचा अभ्यास वेगळा करावा लागतो. देवाणघेवाण सुरळीत चालावी म्हणून डब्यांचे नमुने प्रमाणित करण्याचे प्रयत्न झाले. पहिल्या महायुद्धात सरकारने रेल्वे ताब्यात घेतली तेव्हा १९१८ मध्ये ठरावीक नमुन्यांचे सुमारे एक लाख डबे मागवले गेले. पुढे रेल्वे कंपन्यांच्या संघटनेने १९३२ आणि १९३७ मध्ये पोलादी बॉक्सकारचे प्रमाण नमुने काढले. तरीही छत, टोकाची भिंत, दार आणि हातब्रेक कोणत्या कारखान्याचे घ्यायचे, हे प्रत्येक कंपनीने स्वतःच ठरवले. नमुना एक आणि डबे नाना तऱ्हेचे, असा प्रकार झाला.

पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा ‘एक्स २९’ हा डबा जवळून पाहिला की हे नीट कळते. १९२४ पासून पुढे असे सुमारे ३० हजार डबे बांधले गेले. आतली उंची ८ फूट ७ इंच. १९३७ च्या प्रमाण डब्याची आतली उंची १० फूट. म्हणजे दोन्ही डबे चाळीस फुटी असले तरी उंचीत १७ इंचांचा फरक आहे. एचओ या सर्वाधिक प्रचलित स्केलमध्ये (मॉडेलच्या प्रमाणात), जिथे साडेतीन मिलिमीटर म्हणजे एक फूट, म्हणजे सुमारे १:८७, हा फरक ५ मिलिमीटर भरतो. गाडीत शेजारी जोडलेले हे दोन डबे पाहिले तर छतांची पातळी पायरीसारखी खाली-वर होते. जुन्या छायाचित्रांत मालगाडीची वरची रेघ अशीच तुटक दिसते, आणि टेबलावरची गाडी खरी वाटायला लावणारी सर्वांत मोठी गोष्ट माझ्या मते हीच आहे, रिव्हेट त्यानंतर. सगळे डबे एका उंचीचे असले की गाडी खेळण्यातली दिसते.

एक्स २९ च्या आतही भेद आहेत. सुरुवातीच्या डब्यांच्या टोकाच्या भिंती सपाट पत्र्याच्या होत्या. नंतरच्यांना ‘ड्रेडनॉट’ या नावाच्या, आडवे फुगीर उभार दाबून काढलेल्या भिंती आल्या. दारेही बदलली. आणि एक खूण अशी, की ती आराखड्यात कुठेच सापडत नाही : या डब्यांचे बाजूचे पत्रे खालच्या कडेला गंजत, तेव्हा कंपनीच्या कारखान्यांत तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडला जाई. जोडाची ती आडवी रेघ डब्याच्या बाजूवर स्पष्ट दिसते. १९५० नंतरचा एक्स २९ बनवणाऱ्याने तळाशी ठिगळ दाखवले नाही, तर कागदोपत्री अचूक असलेला डबाही त्या काळाचा ठरेलच असे नाही.

डब्याखालचा भाग कोणी पाहत नाही असे वाटते, पण तारीख तिथेही लिहिलेली असते. जुन्या ‘के’ ब्रेकमध्ये सिलिंडर, हवेची टाकी आणि झडप बहुधा एकाच जोडात असत. ‘एबी’ ब्रेकमध्ये हे तीन भाग सुटे, डब्याखाली विखुरलेले. १९३३ पासून नव्या डब्यांना एबी ब्रेक सक्तीचा झाला आणि जुन्या डब्यांवर तो बसवत जाण्याचे काम पन्नासच्या दशकापर्यंत चालले. छतावरून कामगारांना चालता यावे म्हणून असलेल्या चालपट्टीचेही तसेच. ती आधी लाकडी फळ्यांची होती, चाळीसच्या दशकात पोलादी जाळीची झाली, आणि १९६६ पासून नव्या डब्यांवर ती लावणेच बंद झाले.

यानंतर अक्षरे. डब्याच्या बाजूला डावीकडे कंपनीची संक्षिप्त खूण व क्रमांक, आणि खाली तीन आकडे असत : क्षमता, भाराची मर्यादा आणि रिकाम्या डब्याचे वजन. पन्नास टनी डब्यासाठी त्या काळी भरलेल्या डब्याचे एकूण वजन १,६९,००० पौंडांपर्यंत चाले. म्हणून भाराची मर्यादा आणि रिकामे वजन यांची बेरीज बरोबर तेवढी यायला हवी. रिकामे वजन ४५,३०० असेल तर मर्यादा १,२३,७००. बाजारातल्या मॉडेलवर ही बेरीज चुकलेली आढळते आणि भिंग लावून पाहणारा जाणकार सर्वांत आधी तीच करतो. डबा ठरावीक काळाने पुन्हा वजन करून घ्यावा लागे. ज्या ठिकाणी वजन झाले त्याची खूण आणि महिना-वर्ष शेजारी रंगवत. मूळचा रंग उडालेल्या जागी ताज्या रंगाची छोटी चौकट आणि तिच्यावर स्वच्छ पांढरे आकडे, हे दृश्य कुठल्याही मळकट डब्यावर असतेच. तो दोन मिलिमीटरचा तुकडा मॉडेलवर दाखवला की डब्याला वय येते.

बोधचिन्हांनाही वर्षे असतात. पेनसिल्व्हेनियाने आपले वर्तुळातले कीस्टोन (कमानीच्या मधल्या दगडाच्या आकाराचे) चिन्ह १९५४ मध्ये बदलून सावलीच्या अक्षरांचे नवे चिन्ह आणले. १९५० ची गाडी चालवणाऱ्याला ते चालत नाही. त्याहून मोठा घोटाळा जाहिरातींच्या शीतडब्यांचा, म्हणजे नाशवंत माल थंड ठेवून नेणाऱ्या डब्यांचा, आहे. मांस, लोणी, बिअर यांच्या रंगीबेरंगी जाहिराती रंगवलेले डबे मॉडेलच्या दुकानात कायम खपतात. पण असे डबे भाड्याने देण्याच्या पद्धतीवर आंतरराज्य वाणिज्य आयोगाने १९३४ मध्ये निर्बंध घातले आणि ते दशक सरेपर्यंत हे डबे रुळांवरून जवळजवळ नाहीसे झाले. १९५५ च्या डिझेल इंजिनामागे ते लावणे सुंदर दिसते, खरे नसते. उलट १९७० च्या दशकातल्या डब्यावर रंगीत पट्ट्यांचे लेबल हवेच. रुळांकडेच्या यंत्राने डबा ओळखण्यासाठी ते १९६७ पासून लावू लागले आणि १९७७ मध्ये ती योजना सोडून दिली. १९७८ मध्ये एका प्रकारची चाके धोकादायक ठरल्यावर डब्याच्या बाजूला काळ्या चौकोनात ठिपके आले. पिवळा ठिपका म्हणजे ते चाक नाही, पांढरा म्हणजे आहे. एवढा एक ठिपका सांगतो की दृश्य १९७८ च्या आधीचे नाही.

मॉडेल रेल्वेचा संघटित छंद अमेरिकेत १९३० च्या दशकात उभा राहिला. नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची स्थापना १९३५ मध्ये मिलवॉकी शहरात झाली. चाके, रूळ, वजन यांची मापे तिने बसवली म्हणून एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळांवर चालू लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकच्या साच्यांनी डबे स्वस्त केले. साचा बनवणे महाग असल्याने एकाच साच्यातला डबा वीस-पंचवीस कंपन्यांच्या रंगांत विकला जाई, मग त्या कंपनीकडे तसा डबा असो वा नसो. अ‍ॅथर्न या मॉडेल कंपनीच्या निळ्या खोक्यातल्या सुट्या भागांच्या डब्यांनी अनेक पिढ्यांना या छंदात आणले. त्यांच्याकडे तुच्छतेने पाहणे बरोबर नाही. डबा तासाभरात जुळे आणि चालेही छान.

खरा पालट १९८० च्या दशकात रेझिनच्या, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकच्या, डब्यांनी झाला. एखादा अभ्यासू कारागीर प्लास्टिकच्या पत्र्यातून डब्याची एक अस्सल बाजू, छत, टोके घडवतो. त्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा काढतो. त्यात रेझिनच्या मोजक्या प्रती ओततो. रबर लवकर झिजते, म्हणून प्रती थोड्या. पण पोलादी साच्याचा लाखोंचा खर्च नाही, म्हणून एकाच कंपनीच्या एकाच क्रमांक-मालिकेचा डबाही काढणे परवडते. घेणाऱ्याच्या हाती सपाट तुकडे, तार आणि डिकॅलचा (पाण्यात भिजवून डब्यावर चिकटवायच्या अक्षरांचा) कागद येतो. चढताना धरायचे दांडे बसवायला ०.३४ मिलिमीटरच्या ड्रिलने हाताने छिद्रे पाडायची, ०.३ मिलिमीटर तार वाकवून त्यात सारायची. एका डब्याला अशी कितीतरी छिद्रे असतात आणि ड्रिल मोडतेच. १९९० च्या दशकात प्लास्टिकवाल्यांनीही ही शिस्त उचलली. एक्स २९, १९३७ चा प्रमाण डबा, पुलमन-स्टँडर्ड कारखान्याचा १९४७ पासूनचा पीएस-१ असे नेमके डबे साच्यात आले. केडी या मॉडेल कंपनीच्या पीएस-१ मध्ये दार, ब्रेकचे चाक यांचे वेगवेगळे प्रकार कंपनीनुसार बसवलेले मिळतात.

मूळबरहुकूमपणाला काही मर्यादा पदार्थविज्ञानानेच घातल्या आहेत. एचओचे नेहमीचे चाक २.७९ मिलिमीटर रुंद असते. ८७ ने गुणले तर ते २४३ मिलिमीटर होते. खरे चाक सुमारे १४५ मिलिमीटर. मागून पाहिले की डब्याखाली रोड-रोलरची चाके लावल्यासारखे वाटते. अरुंद, २.२ मिलिमीटरची चाके आता बरेच जण वापरतात, आणि ‘प्रोटो:८७’ पंथाचे लोक चाक व रूळ दोन्ही खऱ्या प्रमाणात घडवतात, पण त्यांना रूळही स्वतःच अंथरावे लागतात. घरातली वळणेही आड येतात. ४५७ मिलिमीटर त्रिज्येचे सर्रास आढळणारे वळण खऱ्या मापात ४० मीटरचे होते, इतके तीव्र वळण खऱ्या मालगाडीच्या नेहमीच्या मार्गावर नसते. बोगी फिरायला जागा हवी म्हणून डब्याखालचे ब्रेकचे दांडे कापावे लागतात. ब्रिटिश-अमेरिकी १४३५ मिलिमीटरसाठी असलेला १६.५ मिलिमीटरचा एचओ रूळ भारतीय १६७६ मिलिमीटर ब्रॉडगेजच्या वाघिणीलाही तोच वापरावा लागतो. खरे तर १:८७ ला १९.३ मिलिमीटर हवे. भारतीय मालगाडी बनवणाऱ्यासमोर ही पहिलीच अडचण उभी राहते.

एकेक डबा अचूक असला तरी ताफा चुकीचा असू शकतो. बॉक्सकार देशभर मुक्तपणे फिरत असल्याने एखाद्या गाडीत कोणत्या कंपनीचे किती डबे असतील, ते त्या कंपनीच्या एकूण डब्यांच्या प्रमाणात ठरावे, असा एक अंदाज अभ्यासकांनी मांडला आहे. तो मानला तर पश्चिमेकडच्या वायोमिंगमध्येही पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क सेंट्रल या पूर्वेकडच्या बड्या कंपन्यांचे डबे भरपूर दिसले पाहिजेत. कोळशाचे उघडे डबे मात्र खाणीच्या आसपास घुटमळत, शीतडबे फळबागांच्या हंगामाने हलत, आणि तेलाच्या टाक्या बहुतेक रेल्वे नसलेल्या मालकांच्या असत. त्यांची खूण ‘एक्स’ या अक्षराने संपते. छंदी माणसाला आवडतात ते विरळ, चमत्कारिक डबे : बाल्टिमोर अँड ओहायोचे घोड्यागाडीच्या छतासारखे गोल डबे, मिलवॉकी रोडचे आडव्या फासळ्यांचे. असे डबे ताफ्यात चार-दोनच शोभतात. कंटाळवाणे, तपकिरी, सारखे दिसणारे डबे जास्त ठेवायला संयम लागतो.

पुरावे शोधायला पहिला आधार म्हणजे ‘ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर’. प्रत्येक कंपनीच्या क्रमांक-मालिका, डब्यांची आतली मापे आणि त्या महिन्यात ताफ्यात असलेली संख्या त्यात छापलेली असते. कारखान्यांनी नव्या डब्यांची काढलेली छायाचित्रे स्वच्छ असतात, पण ती डब्याच्या जन्मदिवसाची. दहा वर्षांनंतरचा डबा यार्डातल्या छायाचित्रांतच शोधावा लागतो. रंगाचा प्रश्न सर्वांत बिकट, कारण बहुतेक चित्रे कृष्णधवल आहेत. या बाबतीत जॅक डेलानो यांनी १९४२-४३ मध्ये शिकागोच्या यार्डांमध्ये सरकारी कामासाठी काढलेली रंगीत छायाचित्रे अमोल ठरली आहेत. ‘तपकिरी’ म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो रंग त्यांत विटकरीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत पसरलेला दिसतो, शेजारी शेजारी उभ्या डब्यांवर. आणि डब्यांच्या बाजूंवर, दाराजवळ, शंटिंगवाल्यांनी खडूने घाईघाईत लिहिलेले आकडे नि बाण दिसतात. अलीकडचे चांगले मॉडेल बनवणारे टोकदार पांढऱ्या पेन्सिलीने तेही उतरवून घेतात.