दिव्याला न भुलणारा पतंग

भारतात फुलपाखरांच्या जाती साधारण 1,300, तर पतंगांच्या 10,000 हून जास्त. तरी कौतुक सगळं फुलपाखरांचं, आणि पतंगांच्या वाट्याला झाडू. जून-जुलैत एखाद्या रात्री ओसरीच्या दिव्यामागची भिंत नीट निरखली तर हा अन्याय लक्षात येतो.

पतंग बघायची रूढ पद्धत म्हणजे दोरीवर टाकलेली पांढरी चादर आणि तिच्यासमोर अतिनील किरण देणारा बल्ब. अमावास्येच्या आसपासची, दमट, वारा पडलेली रात्र उत्तम. घरातल्या एलईडी दिव्यात अतिनील किरण जवळजवळ नसतात, म्हणून त्यावर गर्दी कमी.

पण पतंग दिव्याकडे येतातच का? दिव्याला ते चंद्र समजतात, हे आपण शाळेपासून ऐकलेलं. 2024 मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी निराळंच टिपलं. उडणारे कीटक पाठ उजेडाकडे ठेवतात. रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, त्यामुळे पाठ आपोआप वर राहते. दिवा बाजूला असला की कीटक त्याच्याकडे पाठ करून कलतो, वळत राहतो आणि तिथेच घिरट्या घालतो. दिवा खाली असला तर चक्क उलटा होऊन कोसळतो.

या प्रयोगांत एक पतंग मात्र फसला नाही: डॅफ्निस नेरी, कण्हेरीवर वाढणारा मोठा हिरवा हॉकमॉथ (जाड अंगाचा, वेगाने उडणारा पतंग). हा आपल्या बागांतलाच. त्याच्यासाठी चादर बांधण्यापेक्षा कण्हेर किंवा तगर धुंडाळावी. झाडाखाली जाड लेंड्या पडलेल्या दिसल्या की मान वर करायची. बोटाएवढी हिरवी अळी, डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन निळे ठिपके. अनंताच्या झाडाजवळ भर दिवसा मोठ्या भुंग्यासारखं काही घोंघावत असेल, तर तोही पारदर्शक पंखांचा हॉकमॉथच असू शकतो. संत्रा-मोसंबीच्या बागेतले रसशोषक पतंग रात्री पिकत्या फळांवर सापडतात. त्यांच्या अळ्या गुळवेलीवर वाढतात. (बागायतदाराला त्यांचं सौंदर्य समजावू नये. तो फळगळीने आधीच वैतागलेला असतो.) बाग नसेल तर पतंगांना आमिष म्हणून जास्त पिकलेली केळी गुळात कुस्करून तिन्हीसांजेला झाडाच्या खोडाला फासावी.

फोटो ओळख पटण्यासाठी काढायचा. फ्लॅश थेट मारला तर खवले चकाकतात आणि नक्षी पुसली जाते; त्यावर टिश्यूपेपर धरावा. मोबाईल पंखांना समांतर ठेवला की पंखांच्या टोकापर्यंत सगळं स्पष्ट येतं. एक फोटो बाजूने घ्यावा, मिशा आणि डोकं दिसेल असा. पंखाला हात लावू नये, खवले झडतात. पहाटेच्या गारव्यात पतंग सुस्त असतात, तेव्हा साधा फोनही पुरतो. उजाडताच दयाळ आणि बुलबुल चादरीवर ताव मारायला हजर होतात, म्हणून दिवा त्याआधीच मालवावा आणि उरलेले पतंग हलक्या हाताने झुडपात सोडावेत.