डाळिंबी विरुद्ध आकाशी: लॉस एंजेलिसच्या दोन जर्सींची पार्श्वभूमी

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा (म्हणजे चेंडू हाताने फेकत खेळायच्या अमेरिकन फुटबॉलचा) सामना टीव्हीवर लावला की बहुतेक वेळा एक संघ रंगीत जर्सीत आणि दुसरा पांढऱ्या जर्सीत दिसतो. रंगीत तो यजमान, पांढरा तो पाहुणा. लॉस एंजेलिसमधल्या दोन विद्यापीठांच्या सामन्यात मात्र हा संकेत चालत नाही. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया म्हणजे यूएससी, आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची लॉस एंजेलिस शाखा म्हणजे यूसीएलए. हे दोघे एकमेकांसमोर येतात तेव्हा दोघेही घरच्या रंगांत उतरतात. यूएससीची जर्सी आणि हेल्मेट डाळिंबी, यूसीएलएची जर्सी आकाशी आणि हेल्मेट सोनेरी. पँट दोघांचीही सोनेरी.

पुण्या-मुंबईहून इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी यूएससीला जाणारी मुलं डाळिंबी रंगाच्या आवारात दोन वर्षं काढून येतात. त्यांच्या कपाटात डाळिंबी टी-शर्ट असतो. त्या रंगामागचा इतिहास मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो, आणि माझ्या मते कॉलेज फुटबॉलमधली रंगांची सर्वात देखणी जोडी डाळिंबी-आकाशी हीच आहे. कोणा डिझायनरने ती जुळवलेली नाही. दोन्ही संघ एकाच मैदानाचे भाडेकरू होते, त्यातून ती घडली.

यूएससी 1880 सालची, खासगी. यूसीएलए 1919 साली बर्कलीच्या विद्यापीठाची ‘दक्षिण शाखा’ म्हणून सुरू झाली. धाकट्या शाखेने रंगही थोरलीचेच घेतले: निळा आणि सोनेरी. बर्कलीच्या संघाचं चिन्ह अस्वल, म्हणून इथेही अस्वल. आधी ‘कब्स’ (अस्वलाची पिल्लं), मग ‘ग्रिझलीज’, आणि 1926 साली ‘ब्रुइन्स’ हे नाव पक्कं झालं. ते आजही टिकून आहे. यूएससीचे खेळाडू तोवर ‘ट्रोजन’ झालेले होते. 1912 साली लॉस एंजेलिस टाइम्सचे क्रीडापत्रकार ओवेन बर्ड यांनी त्यांना ते नाव दिलं होतं.

दोघांचा पहिला सामना 1929 साली झाला. यूएससीने तो 76–0 असा जिंकला. पुढच्या वर्षी 52–0. त्यानंतर थेट 1936 पर्यंत हे संघ एकमेकांशी खेळलेच नाहीत, आणि 1936 चा सामना 7–7 असा बरोबरीत सुटला. खरी चुरस तिथून सुरू झाली. 1942 मध्ये यूसीएलएने पहिल्यांदा यूएससीला हरवलं, 14–7. त्याच वर्षी ‘व्हिक्टरी बेल’ ही या सामन्याची ट्रॉफी ठरली. ही घंटा मूळची सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या इंजिनावरची, वजन 295 पौंड, म्हणजे जवळपास 134 किलो. 1939 साली ती यूसीएलएला माजी विद्यार्थ्यांकडून भेट मिळाली, 1941 मध्ये यूएससीच्या पोरांनी ती पळवली आणि वर्षभराहून जास्त काळ लपवून ठेवली. शेवटी दोन्हीकडच्या विद्यार्थी अध्यक्षांनी करार केला: जो जिंकेल, घंटा त्याची. जिंकणारा संघ घंटेचा गाडा आपल्या रंगात रंगवून घेतो. रंग हीच इथे मालकीची खूण आहे, हे जर्सीकडे वळण्याआधी लक्षात ठेवायला हवं.

आता मैदान. ऑलिंपिकमुळे जगाला माहीत असलेलं लॉस एंजेलिस मेमोरियल कोलिझियम 1923 मध्ये खुलं झालं. ते यूएससीच्या आवाराला लागूनच आहे. यूसीएलएचं स्वतःचं मोठं स्टेडियम नव्हतं, त्यामुळे 1920 च्या दशकाच्या अखेरीपासून 1981 पर्यंत त्यांचे घरचे सामनेही इथेच होत. दोघांचं घर एकच, मग आपसातल्या सामन्यात पाहुणा कोण? दोघेही घरचे कपडे घालत. मला या परंपरेतली ही सर्वात सुंदर गोष्ट वाटते: कोणीही परका नव्हता, म्हणून कोणालाही रंग उतरवावा लागला नाही.

पण दोन्ही संघ रंगीत असले तर पासची फेक कोणाकडे जातेय, हे ओळखू यायला हवं. इथे यूसीएलएचे प्रशिक्षक हेन्री ‘रेड’ सँडर्स यांचं काम मोलाचं ठरलं. 1949 साली ते आले तेव्हा संघाची जर्सी गडद नेव्ही निळी होती. डाळिंबी आणि गडद निळा हे दोन्ही रंग दुरून, विशेषतः कृष्णधवल चित्रफितीत, सारखेच काळपट दिसणार. सँडर्सनी निळा रंग उजळून आकाशी केला. मैदानावर आणि फिल्मवर तो उठून दिसेल, हा त्यांचा विचार होता. शिवाय खांद्यावर सोनेरी पट्ट्यांचा वळसा दिला. खेळाडू धावताना त्या पट्ट्यांमुळे गतीचा भास व्हावा, ही त्यामागची कल्पना. 1954 मध्ये सँडर्सचा संघ प्रशिक्षकांच्या मतदानात देशात पहिला ठरला आणि आकाशी रंगाला मान मिळाला. बर्कलीच्या गडद निळ्यापासून धाकट्या शाखेची सुटका झाली, तीही याच निर्णयाने. दोन संघांत फरक कळायला रंग वेगळे असून भागत नाही, त्यांचा उजळपणा वेगळा लागतो. रंगांधळ्या प्रेक्षकालाही डाळिंबी गडद आणि आकाशी फिका दिसतो.

यूएससीने उलट वाट धरली: काही बदलायचंच नाही. जर्सीच्या पाठीवर खेळाडूचं नाव नाही, फक्त आकडा. कितीही मोठा तारा असो, त्याला हाच नियम. यूसीएलएचे आकडे क्लॅरेंडन नावाच्या अक्षरवळणाचे, टोकांना जाड फराटे असलेले. यूएससीचे सरळसोट ठोकळे. समोरासमोर ठेवले की एक जर्सी सजलेली वाटते आणि दुसरी मुद्दाम अबोल ठेवलेली.

या जोडीचा सर्वात गाजलेला दिवस 18 नोव्हेंबर 1967. यूसीएलए क्रमवारीत पहिली, त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, गॅरी बीबन, यूएससीकडे ओ. जे. सिम्पसन. सिम्पसनच्या 64 यार्डांच्या धावेने यूएससी 21–20 जिंकली. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला दिली जाणारी हाइझमन ट्रॉफी त्या वर्षी बीबनला मिळाली, पुढच्या वर्षीची सिम्पसनला. त्या धावेची रंगीत चित्रफीत आजही पाहावी अशी आहे: आकाशी गर्दीतून निसटणारी एक डाळिंबी जर्सी.

1982 मध्ये यूसीएलए पासाडेनाच्या रोझ बोल स्टेडियममध्ये राहायला गेली. घरं वेगळी झाली. आणि 1983 मध्ये कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएचा नियम आला की पाहुण्या संघाने पांढरीच जर्सी घालायची. व्यावसायिक फुटबॉलच्या लीगने, एनएफएलने, कृष्णधवल टीव्हीच्या काळात, 1957 मध्येच, असा दंडक घातला होता. रंगीत टीव्ही घरोघर पोचल्यावर कॉलेजांना तो लावण्याची गरज होती, असं मला तरी वाटत नाही. निदान या सामन्याला तरी सूट द्यायला हवी होती. ती मिळाली नाही, आणि पंचवीस वर्षं दोघांपैकी एक पांढऱ्यात खेळत राहिला.

2008 मध्ये यूएससीचे प्रशिक्षक पीट कॅरोल यांनी ठरवलं की रोझ बोलमध्येही आपला संघ डाळिंबीच घालेल. नियमभंगाची शिक्षा होती टाइमआउट, म्हणजे खेळ थांबवण्याची संधी, गमावणं. प्रत्येक अर्धात तीनच टाइमआउट मिळतात, त्यामुळे किंमत लहान नव्हती. समोर यूसीएलएचे प्रशिक्षक होते रिक न्यूहायझल. 1983 च्या हंगामात ते स्वतः यूसीएलएचे क्वार्टरबॅक होते, म्हणजे जुनी पद्धत आणि तिचा शेवट त्यांनी आवारातच पाहिला होता. 6 डिसेंबर 2008 रोजी सामना सुरू होताच यूएससीचा एक टाइमआउट कापला गेला, आणि न्यूहायझलनी लगेच स्वतःहून आपलाही एक टाइमआउट घेऊन टाकला. हिशेब बरोबर. यूएससी 28–7 जिंकली.

पुढच्याच वर्षी नियम बदलला: रंगांत पुरेसा फरक असेल आणि दोन्ही संघांचा आधी लेखी करार असेल, तर दोघांनाही रंगीत जर्सी चालेल. 2024 मध्ये दोन्ही विद्यापीठं बिग टेन या विद्यापीठ-संघांच्या गटात गेली, तिथेही ही पद्धत त्यांच्यासोबत गेली. कपडे पुरवणाऱ्या कंपन्या मधल्या काळात यूसीएलएने बदलल्या: आदिदास, मग 2017 पासून 28 कोटी डॉलरच्या करारावर अंडर आर्मर, आणि 2021 पासून जॉर्डन. नुकसान झालं ते खांद्यावरच्या पट्ट्यांचं. पकडायला कापड मिळू नये म्हणून बाह्या आखूड आणि घट्ट होत गेल्या आणि सँडर्सचा पूर्ण वळसा खांद्यावरच तुटू लागला. जुन्या चाहत्यांची तक्रार रास्त आहे. काखेखालून फिरून येणारा तो पट्टा आखूड बाहीवरही बसवता येईल, कंपनीने मनावर घ्यायला हवं.