थराथराची क्ले आणि कोन टेस्ट: ही पद्धत आली कुठून

कोन टेस्ट म्हणजे शंकूच्या आकाराचं टोक जमिनीत दाबायचं आणि माती किती विरोध करते ते मोजून थर आणि त्यांची ताकद ओळखायची. तिची गोष्ट अपघातांपासून सुरू होते. १९१८ मध्ये अठरा दिवसांच्या अंतराने युरोपात दोन भीषण रेल्वे अपघात झाले. १३ सप्टेंबरला नेदरलँड्समध्ये वेस्पजवळ पावसाने भिजलेला पुलाशेजारचा भराव घसरला आणि ४१ माणसं गेली. १ ऑक्टोबरला स्वीडनमध्ये गेटोजवळ भराव खालच्या क्लेसकट, म्हणजे चिकणमातीसकट, सरकला, गाडी कोसळली, आग लागली, तिथेही चाळीसच्या वर माणसं मेली. दोन्हीकडे प्रश्न एकच पडला, की रूळ टाकले तेव्हा खालची माती किती ताकदीची आहे हे कुणी मोजलं होतं का, आणि मोजायचं ठरवलं असतं तरी ते कसं मोजणार होते?

स्वीडिश रेल्वेने त्याआधीच, १९१४ च्या सुमारास, वोलमार फेलेनियस यांच्या अध्यक्षतेखाली एक कमिशन नेमलं होतं, त्याचा अंतिम रिपोर्ट १९२२ मध्ये आला. जमिनीत रॉड घालून बघायची जी रीत त्यांनी बसवली ती अगदी साधी होती: स्क्रूसारखं टोक असलेल्या रॉडवर एकेक करून वजनं चढवायची, १०० किलोपर्यंत. तेवढ्यात रॉड आपसूक खाली गेला तर माती मऊ, थांबला तर वजन तसंच ठेवून तो फिरवायचा आणि ठरावीक खोली गाठायला किती अर्धे फेरे लागले ते लिहून ठेवायचं. ह्याच कमिशनच्या जॉन ओल्सन यांनी लॅबसाठी फॉल कोन काढला, म्हणजे स्टीलचा छोटा कोन सॅम्पलच्या पृष्ठभागाला टेकवून सोडायचा आणि तो किती मिलिमीटर रुतला त्यावरून ताकद काढायची. शंभर वर्षं झाली तरी ही टेस्ट लॅबमध्ये चालू आहे.

डचांचा रस्ता थोडा वेगळा. तिथे वरती पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती) आणि मऊ क्ले, खाली वाळू, ॲमस्टरडॅममधली जुनी घरं साधारण १२ मीटर खालच्या वाळूवर लाकडी पाईल, म्हणजे जमिनीत ठोकलेले खांब, टेकवून उभी आहेत, त्यामुळे वाळू किती खोल आहे हा तिथला रोजचा प्रश्न. १९३२ मध्ये रेक्सवाटरस्टाट ह्या सरकारी खात्यातले इंजिनिअर बारेंट्सन यांनी १९ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या गॅस पाईपमधून १५ मिलिमीटरचा रॉड घातला, त्याच्या टोकाला ६० अंशांचा, १० चौरस सेंटीमीटर क्षेत्रफळाचा कोन बसवला आणि तो हाताने दाबला. शेतकरी काठी खुपसून ओल बघतो तसंच हे वाटेल, पण खरी गंमत बाहेरच्या पाईपमध्ये आहे. रॉड नुसता मातीत दाबला तर त्याच्या अख्ख्या लांबीवर माती घासते आणि वर जो आकडा मिळतो त्यात टोकाचा वाटा किती आणि घर्षणाचा किती हे कळतच नाही. पाईपने ते घर्षण स्वतःवर घेतलं, टोकाचा विरोध वेगळा झाला. माझ्या मते सगळ्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, कारण पुढचं सगळं काम म्हणजे एका आकड्यातून एकेक वाटा असाच सोडवत जाणं आहे. ६० अंश आणि १० चौरस सेंटीमीटर तर आजही तसेच आहेत.

१९३४ मध्ये नेदरलँड्समधल्याच डेल्फ्टला सॉईल मेकॅनिक्सची, म्हणजे मातीच्या ताकदीचा अभ्यास करणारी, लॅब निघाली, तिच्यामागे वेस्पच्या अपघाताचा धक्का होताच. पहिले प्रमुख हुइझिंगा यांनी १० टन जोर लावणारं मशीन केलं, पुढे फरमायडन यांनी कोनच्या मागे मँटल, म्हणजे एक आवरण, बसवला म्हणजे माती आत शिरू नये. मग १९५३ मध्ये बेगेमान यांनी कोनच्या वर एक वेगळी स्लीव्ह (नळी) लावली आणि बाजूचं घर्षण स्वतंत्र मोजलं. घर्षण भागिले टोकाचा विरोध हे गुणोत्तर वाळूत साधारण एक टक्क्याच्या आसपास, क्लेमध्ये बरंच जास्त, त्यामुळे सॅम्पल न काढताही खाली वाळू आहे का क्ले याचा अंदाज यायला लागला.

पण ह्या मेकॅनिकल कोनचं रीडिंग दर २० सेंटीमीटरला एक. मधला पाच सेंटीमीटरचा थर त्यात सरळ हरवायचा. मग टोकातच विजेवर मोजणारा इलेक्ट्रिक कोन आला, १९६५ मध्ये फुग्रो ह्या डच कंपनीने तो टीएनओ ह्या डच संशोधन संस्थेबरोबर कामाच्या रूपात आणला, आणि दर एक-दोन सेंटीमीटरला रीडिंग मिळायला लागलं. सेकंदाला २ सेंटीमीटर ह्या ठरलेल्या वेगाने कोन खाली जातो, म्हणजे एक मीटर ५० सेकंदांत.

आपल्याकडे मुंबई-नवी मुंबईच्या खाडीकाठी मरीन क्ले आहे, तिथे अजून एसपीटीवरच (स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट) भिस्त असते: रॉडवर ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून सोडायचा आणि ३० सेंटीमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचे, हीच एन व्हॅल्यू. मऊ क्लेमध्ये रॉड स्वतःच्या वजनानेच बसत जातो, एन व्हॅल्यू शून्य-एक येते आणि शून्यातून थर कुठला दिसणार. कोन टेस्टचं भारतीय मानक, आयएस ४९६८ चा तिसरा भाग, १९७६ पासून आहे. खाली मुरूम किंवा खडक लागला की कोन थांबतो, त्यामुळे बोअर लागतोच हे मान्य, पण वरच्या क्लेसाठी कोन न वापरणं मला खरंच पटत नाही.

१९७० च्या दशकात कोनवर पोअर प्रेशर, म्हणजे मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब, मोजायला सुरुवात झाली आणि थरांसाठी हे वरदानच ठरलं. क्लेमध्ये कोन घुसताना पाणी निघून जाऊ शकत नाही म्हणून दाब चढतो, मध्ये बारीक वाळूची किंवा सिल्टची (बारीक गाळाची) पट्टी आली की तो एकदम खाली पडतो. टोकाच्या विरोधात जी पट्टी जेमतेम जाणवते ती इथे स्पष्ट दिसते. आणि तिचा फरक केवढा! सॉईल मेकॅनिक्सचे जनक टेर्झागी यांच्या सिद्धांतानुसार भाराखाली क्ले दबून बसायला लागणारा वेळ पाणी निघायच्या अंतराच्या वर्गाप्रमाणे जातो, म्हणजे थराच्या मधोमध एक सलग पट्टी सापडली आणि अंतर अर्धं झालं तर वेळ पाव. शिवाय कळलं की हाच दाब कोनच्या मागच्या खाचेत शिरून टोकाला खाली ढकलतो, म्हणून मऊ क्लेमधला विरोध कमी दिसत होता, आता तो दुरुस्त करूनच वापरतात.

दुरुस्त विरोधातून वरच्या मातीचा भार वजा करायचा आणि उरलेल्याला एका फॅक्टरने भागायचं, मग ताकद मिळते. हा फॅक्टर साधारण १० ते २० मध्ये असतो, म्हणजे कुणी काय धरलं त्यावर उत्तर दुप्पट होऊ शकतं, त्यामुळे व्हेन (मातीत पाती फिरवून करायची टेस्ट) किंवा लॅबमधल्या ट्रायॲक्शियल टेस्टशी पडताळून बघणं भागच आहे. म्हणूनच वेस्टर्न ऑस्ट्रेलिया युनिव्हर्सिटीत स्ट्युअर्ट आणि रँडॉल्फ यांनी १९९१ मध्ये टी-बार पुढे आणला, रॉडच्या टोकाला आडवी दंडगोल दांडी. माती तिच्या भोवतीने फिरून मागे जाते, त्यामुळे वरच्या भाराची वजाबाकी जवळपास लागत नाही. आणि रँडॉल्फ व हौल्सबी यांनी १९८४ मध्ये बाजूने ढकलल्या जाणाऱ्या गोल पाईलसाठी काढलेलं गणित तयार होतं, तेच इथे चाललं. मोजलेल्या विरोधाला ज्याने भागायचं तो फॅक्टर गुळगुळीत दांडीला ९.१४, खडबडीतला ११.९४, वापरायला १०.५.

मात्र हे गणित एकसारख्या क्लेसाठी आहे. थर बदलला की टोकाला पुढचा थर आधीच जाणवतो. खाली मऊ क्ले असेल तर कडक थर संपायच्या आधीच विरोध उतरायला लागतो आणि कडक थर पातळ असेल तर त्याचा पूर्ण आकडा कधी दिसतच नाही. याउलट दोन कडक थरांमधली पातळ मऊ पट्टी आहे त्यापेक्षा ताकदवान दिसते, आणि घातक चूक ही. टी-बार कडक थरातून मऊ थरात उतरताना कडक मातीचा गोळा स्वतःखाली अडकवून नेतो, मग मऊ थराचं रीडिंगही फुगतं. समुद्रतळावर पाय टेकवून उभ्या राहणाऱ्या जॅक-अप रिगच्या पायाचा तळ दहा-वीस मीटर व्यासाचा असतो, कडक क्ले फोडून तो खालच्या मऊ क्लेमध्ये अचानक घुसला तर अख्खी रिग कलंडू शकते, त्यामुळे थराची सीमा नेमकी कुठे आणि खालची ताकद किती ह्यावर सगळं ठरतं. गेली काही वर्षं सेंट्रीफ्यूजमधल्या (छोटं मॉडेल जोरात फिरवून खऱ्या खोलीवरचा भार आणायचा) टेस्ट आणि कॉम्प्युटरवरच्या लार्ज-डिफॉर्मेशन ॲनालिसिसमधून (माती खूप सरकते तेव्हाची गणितं) थराची जाडी आणि दोन थरांच्या ताकदीचं गुणोत्तर धरून दुरुस्त्या काढायचं काम चालू आहे, मोजलेल्या वक्रातून मागे जात खरा थर शोधायचा असा त्याचा रोख आहे.