गेटएन्व्ह नेमकं कुठून वाचतं? थोडं मागे जाऊन

विंडोजमधे पाथ, म्हणजे कमांड कुठे शोधायची ते सांगणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला सुरू होताना मिळणारी नाव आणि व्हॅल्यूची जोडी), बदलला, ओके ओके करून सगळं बंद केलं, आणि आधीपासून उघड्या असलेल्या कमांड प्रॉम्प्टमधे पायथन टाइप केलं तर परत तेच, कमांड सापडत नाही. नवीन शिकणारी मुलं हे मला सारखं विचारतात, आणि त्यांचा समज असा असतो की प्रोग्राम गेटएन्व्ह, म्हणजे अशी व्हेरिएबल्स वाचणारं फंक्शन, वापरून दरवेळी ऑपरेटिंग सिस्टीमला जाऊन व्हॅल्यू विचारतो. तसं होत नाही, आणि का होत नाही हे कळायला १९७९ पर्यंत मागे जावं लागतं.

त्याच्या आधी युनिक्सवर प्रोग्राम सुरू करताना त्याला फक्त आर्ग्युमेंट्स मिळायची. बेल लॅब्जमधेच प्रोग्रामर्स वर्कबेंच नावाचं एक युनिक्स होतं, त्याच्या शेलमधे (टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममधे) जॉन मॅशी यांनी एकेका अक्षराची व्हेरिएबल्स आणली, त्यातलं डॉलर पी म्हणजे कमांड कुठल्या कुठल्या डिरेक्टरीत शोधायची त्याची यादी. आजच्या पाथचा हा पूर्वज. पण ती व्हेरिएबल्स शेलच्या पोटातली, दुसऱ्या प्रोग्रामला ती आपोआप मिळत नव्हती.

१९७९ च्या युनिक्स व्हर्जन ७ मधे हे बदललं. नवा बॉर्न शेल आला, त्यात व्हेरिएबल पुढच्या प्रोग्रामला देणारं एक्सपोर्ट आलं, आणि कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) एक्झेक कॉलला, म्हणजे नवा प्रोग्राम सुरू करणाऱ्या कॉलला, आर्ग्युमेंट्सबरोबर अजून एक यादी देता यायला लागली. या यादीत काय असतं, तर साध्या स्ट्रिंग, डावीकडे नाव, मधे बरोबरचं चिन्ह, उजवीकडे व्हॅल्यू. कर्नल ही यादी नव्या प्रोग्रामच्या स्वतःच्या मेमरीत कॉपी करतो आणि मोकळा होतो. घरून निघताना बांधून दिलेली शिदोरीच ती, नंतर घरी काय शिजलं त्याचा डब्याशी संबंध नाही, म्हणूनच आधीपासून उघड्या प्रॉम्प्टला नवा पाथ दिसत नाही. त्याच व्हर्जनमधल्या सीच्या लायब्ररीत गेटएन्व्ह आहे, आणि ते फंक्शन जरूर वाचा, जेमतेम काही ओळींचं आहे: यादीवरून एकेक स्ट्रिंग बघत जायचं, बरोबरच्या चिन्हापर्यंत नाव जुळलं की त्याच्या पुढच्या अक्षराचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) परत द्यायचा, कर्नलला काहीही न विचारता.

१९८३ ला एमएस-डॉस २.० ने हीच कल्पना सेट कमांडसकट उचलली, पण जागा फारच तुटपुंजी दिली. डॉस ३ च्या काळात डीफॉल्ट १६० बाइट, म्हणजे पाथ जरा लांब झाला की आउट ऑफ एन्व्हायर्नमेंट स्पेस हा मेसेज ठरलेला, मग कॉन्फिग डॉट सिसमधे शेलच्या ओळीत जागा वाढवून रीस्टार्ट.

जावाने तर एक वेगळंच वळण घेतलं. सगळ्या मशीनवर एन्व्हायर्नमेंट सारखं नसतं म्हणून त्यांनी सिस्टीम डॉट गेटएन्व्ह मोडीत काढलं, कॉल केलं की थेट एरर, सिस्टीम प्रॉपर्टी वापरा म्हणे. २००४ च्या जावा ५ मधे ते परत आणावं लागलं, आणि मला तो निर्णय पूर्ण पटतो, कारण बाकीचं सगळं जग व्हेरिएबलमधून सांगत असताना एका भाषेने कान बंद करून चालत नाही.

वेबवर सीजीआय, म्हणजे सर्व्हरने स्क्रिप्ट चालवायची पद्धत, आलं तेव्हा सर्व्हरने ब्राउझरकडून आलेली माहिती स्क्रिप्टला याच मार्गाने द्यायला सुरुवात केली, क्वेरी स्ट्रिंग, यूजर एजंट सगळं. म्हणजे शिदोरीत आता अनोळखी माणूसही काहीतरी टाकू शकत होता. सप्टेंबर २०१४ मधे सापडलेला शेलशॉक नावाचा बग तिथूनच आला: बॅश हा शेल सुरू होताना व्हेरिएबलमधली फंक्शनची व्याख्या वाचायचा आणि तिच्या मागे चिकटवलेली कमांडही चालवून टाकायचा.

वाचणं सोपं राहिलं पण लिहिणं आजही अडचणीचं आहे. १९८९ च्या सी स्टँडर्डने गेटएन्व्ह घेतलं, व्हेरिएबल बदलणारं सेटएन्व्ह घेतलंच नाही. व्हर्जन ७ च्या वेळी थ्रेड (एकाच प्रोग्राममधे एकाच वेळी चालणारी कामं) नव्हते, त्यामुळे सरळ यादीतलाच पॉइंटर हातात देणं चालून गेलं, आता एक थ्रेड वाचत असताना दुसऱ्याने सेटएन्व्ह केलं तर यादी जागेवरून हलू शकते आणि प्रोग्राम क्रॅश होतो. रस्ट भाषेने याच कारणाने २०२४ एडिशनमधे व्हेरिएबल सेट करणारं फंक्शन अनसेफ (सुरक्षिततेची जबाबदारी वापरणाऱ्याची) ठरवलं, वाचणारं मात्र होतं तसंच ठेवलं.