शाळा सुटल्यावरचा वर्ग: उपचारात्मक की छंदाचा?

जूनच्या शेवटी शाळेच्या फलकावर दोन ओळी लागल्या: शाळा सुटल्यावर मोफत वर्ग सुरू होत आहेत, इच्छुकांनी वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे. दुसऱ्याच दिवशी नाशिकच्या अंबडला पॅकिंगच्या कामाला जाणारी एक आई, हातात डब्याची पिशवी, दारात उभी. "बाई, फुकटची शिकवणी आहे म्हणे. माझ्या दोघांची नावं लिहून घ्या." मी विचारलं, कोणत्या वर्गाला? "म्हणजे? दोन-दोन आहेत का?"

आहेत दोन. तिला ते कळलं नाही यात तिची काही चूक नव्हती, फलक लिहिणाऱ्याची होती. तो मीच लिहिला होता. दिंडोरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी झाली, आता निवृत्तीनंतर सातपूरकडच्या एका मनपा शाळेत दुपारची मदतीला जाते. इतकी वर्षं या दोन वर्गांच्या मध्ये उभी राहून मलाही फलकावर 'मोफत' एवढाच शब्द महत्त्वाचा वाटला, तर इतरांना काय बोलणार.

पहिल्या वर्गाचं कागदावरचं नाव उपचारात्मक अध्यापन. शिक्षकखोलीत त्याला 'अप्रगतांचा वर्ग' म्हणतात आणि मैदानावर पोरं सरळ 'ढ मुलांचा'. दुसरा छंदवर्ग: चित्रकला, मातीकाम, लेझीम, बुद्धिबळ, कागदाच्या घड्या, कधी भिंग आणि बॅटरी घेऊन केलेले प्रयोग. परिपत्रकात याला समृद्धीकरण म्हणतात; हा शब्द मी आजवर एकाही पालकाच्या तोंडून ऐकलेला नाही. त्यात गोंधळ वाढवायला 'जादा तास' आहेच. दहावीचा अभ्यासक्रम उरकायला घेतात तो जादा तास, शिष्यवृत्तीला बसणाऱ्या हुशार मुलांचा तोही जादा तास, आणि वाचता न येणाऱ्यांना थांबवून घेतात तोही जादाच. खोली तीच, बाई त्याच, फी कशालाच नाही. मग पालकांना सगळं एकच वाटलं तर नवल काय?

फी नसण्यामागे शाळेचं औदार्य कमी आणि कायदा जास्त आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याचं २८ वं कलम शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला मनाई करतं. २४ वं कलम मात्र त्याच्यावर एक काम टाकतं: प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता बघा आणि गरज असेल तिथे जादा शिकवा. म्हणजे उपचारात्मक वर्ग हे मुलाचं हक्काचं येणं आहे. ते मागायला पालकाने ओशाळायचं कारण नाही. छंदवर्गाबद्दल कायदा मोघम आहे. २९ व्या कलमात सर्वांगीण विकासाचा उल्लेख येतो, पण आठवड्याला अमुक तास द्या असं कुणी बांधून दिलेलं नाही. म्हणून वेळ कमी पडला की कात्री पहिल्यांदा छंदवर्गावर चालते.

आता उपचारात्मक वर्गात चालतं काय? बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, वर्गात शिकवलेलंच पुन्हा शिकवतात. तसं केलं तर तो वर्ग वाया गेला म्हणून समजा. एक उदाहरण सांगते. फळ्यावर बेचाळीस वजा सतरा लिहा. पाचवीतला एखादा मुलगा उत्तर लिहितो ३५. घाईतल्या शिक्षकाचं पेन लगेच फुली मारतं. पण थांबून विचारलं तर मुलगा सांगतो, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले." त्याने नियम पाळलाय, फक्त नियम स्वतःचा बनवलाय. या मुलाला वजाबाकीची आणखी पन्नास गणितं दिली तर तो पन्नास वेळा तेच पक्कं करेल. त्याला दहाच्या काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवावा लागतो. दशक सुटा कसा होतो ते हाताने करून बघितलं की एका आठवड्यात गाडी रुळावर येते.

दुसरा मुलगा 'बावन्न' ऐकून २५ लिहितो. हीसुद्धा बेफिकिरी नव्हे. मराठीत आधी दोन ऐकू येतात आणि मग पन्नास. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'सत्तर दोन' असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रभर किती गदारोळ झाला होता! टिंगलही भरपूर झाली. गणिताच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या की मुलांना जोडाक्षरं असलेले आणि उलटे बोलले जाणारे आकडे जड जातात. मी तेव्हा दिंडोरीत होते. स्टाफरूममध्ये हसणाऱ्यांत मीही होते, आणि त्याच दुपारी वर्गात एकाने 'त्रेसष्ट' ऐकून ३६ लिहिले.

वाचनाचंही असंच. 'वाचता येत नाही' ही एकच तक्रार, पण आतली कारणं तीन-चार. एकाला अक्षरं येतात, काना-मात्रा अडतात. एक 'प्रकाश'चं 'परकाश' करतो, म्हणजे गाडी जोडाक्षरापाशी अडलीय. एक सगळं बरोबर वाचतो पण इतकं सावकाश की वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेला असतो. आणि एकाची अडचण भाषेची: घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात किंवा भोजपुरी, पुस्तकातला 'ओसरी' शब्द त्याने कधी ऐकलेलाच नाही. दिंडोरीत आणखी एक प्रकार होता. द्राक्षांच्या कामाला पेठ-सुरगाण्याकडून कुटुंबं उतरायची. सोबतच्या पोराची शाळा मधले काही महिने कुठेच नाही. त्याला समजत नव्हतं असं काही नाही, त्याला शिकवलंच गेलं नव्हतं.

हे शोधायला मोठी परीक्षा लागत नाही. खेड्यापाड्यातल्या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर'च्या पाहणीत २००५ पासून वापरतात तसा एक कागद पुरतो: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथे अडलं तिथे त्याची जागा. मग इयत्ता बाजूला ठेवायची आणि पातळीप्रमाणे गट करायचे. ही पद्धत 'प्रथम' संस्थेच्या कामातून पुढे आली. मुंबई आणि वडोदऱ्यात तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच तरुण मुली, 'बालसखी', पंधरा-वीसच्या गटात रोज साधारण दोन तास शिकवायच्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास करून २००७ मध्ये तो प्रसिद्ध केला. या दोघांना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मायकेल क्रेमर यांच्यासोबत मिळालं. बालसखीकडे गेलेली मुलं चांगलीच सुधारली. मागे वर्गात उरलेल्यांना, गर्दी कमी होऊनही, तसा फायदा दिसला नाही. मला यातली एक बारीक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ते दोन तास शाळेच्या वेळातले होते. मुलाला वर्गातून उठवून नेत, शाळा सुटल्यावर अडवून ठेवत नव्हते.

आपल्याकडे उलटं होतं. सकाळपासून बसून कंटाळलेलं, खिचडी खाऊन चार तास झालेलं मूल, त्यालाच आपण म्हणतो 'तू थांब'. बाकीचे दप्तर उडवत पळालेले. थांबणं ही शिक्षाच होते मग, आपण कितीही गोड बोललो तरी. माझं मत विचाराल तर वाचन-गणिताची दुरुस्ती शाळेच्या वेळात बसवावी आणि घंटेनंतरची वेळ छंदाला सोडावी. पण मनपाच्या ज्या शाळा दोन सत्रांत भरतात तिथे सकाळची मुलं बाहेर पडायच्या आत दुपारची दारात असतात, खोली रिकामी नसते. शिक्षकांमागे मतदार यादीचं काम लागलं की शाळेच्या वेळातली दुरुस्तीही राहते. म्हणून जिथे खोली मिळते तिथे दोन्ही वर्ग घंटेनंतर, एकाच खोलीत.

छंदवर्गाची रीत वेगळी. इथे चाचणी नाही, पातळी नाही, चौथीतली मुलगी सहावीतल्या दादाला घडी घालायला शिकवते आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पोळ्याच्या आधी आम्ही काळ्या मातीचे बैल करतो. गेल्या वर्षी सगळ्यांच्या बैलांची शिंगं गळून पडत होती, एकाची सोडून. त्याने आत खराट्याची काडी खुपसली होती. सगळा वर्ग त्याच्याभोवती. हा तोच मुलगा, जो दुपारी माझ्याकडे परिच्छेदाच्या गटात बसतो आणि मान वर करत नाही. त्या दिवशी तो तासभर बोलत होता.

आता या दोन्हींची सरमिसळ झाली की काय होतं, ते मी स्वतः करून बसले आहे. एका शाळेत लेझीमच्या गटातल्या एका मुलीला आम्ही सांगितलं, आधी वाचायला शीक, मग लेझीम. आम्हाला वाटलं, गाजर दाखवलं की पळेल. ती दोन्हीकडे यायची बंद झाली. शाळेत ती ज्या एका गोष्टीसाठी येत होती तीच आम्ही हातातून काढून घेतली होती. छंदवर्ग हे बक्षीस नाही, आणि काढून घ्यायची वस्तू तर मुळीच नाही.

उलट दिशेची घसरण जास्त सभ्य दिसते. चित्रकलेचा वर्ग सुरू होतो, पुढे कुणीतरी म्हणतं, एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारी करून घेऊ, दहावीला वाढीव गुण मिळतात. गुण मिळतात हे खरं, घ्यावेतही. पण मग त्या तासाला वस्तुचित्र आणि संकल्पचित्राचे सराव सुरू होतात, आणि ज्याला नुसती गोदाकाठची बोट रंगवायची होती तो खिडकीबाहेर बघतो. पाचवी-आठवीत आता वार्षिक परीक्षा आणि नापास झाल्यास पुनर्परीक्षा आल्यापासून उपचारात्मक वर्गावरही हाच दाब आहे. पालक म्हणतात, पेपरात येईल तेवढंच घ्या. दशक सुटा करणं पेपरात कुठे येतं?

शाळेत जाऊन विचारायचं असेल तर एकच प्रश्न पुरतो: माझं मूल या वर्गातून बाहेर कधी पडणार? उपचारात्मक वर्ग असेल तर शिक्षकाला उत्तर देता आलं पाहिजे. 'हातचा समजला की', 'गोष्ट वाचायला लागली की', साधारण अमुक आठवडे. मूल वर्षभर तिथेच बसलं असेल तर काहीतरी चुकतंय, बहुधा आमचं. छंदवर्गाला हा प्रश्न लागूच नाही. तिथे विचारायचं ते एवढंच की पोरगं स्वतःहून येतं का.

त्या आईचा हिशेब आधीच ठरलेला होता. मोठा आठवीत, त्याला अभ्यास. धाकटी तिसरीत, तिला खेळ. दोघांनाही बसवून कागद पुढे केला. मोठा गोष्ट व्यवस्थित वाचत होता, पण तीन अंकांना एका अंकाने भागताना अडला. पाचवीच्या मुलांसोबत बसायचं म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला, म्हणून आठवीतलेच आणखी तिघे शोधले आणि चौघांचा वेगळा बाक केला. "मग याला चित्रकला नाही का?" आईने विचारलं. आहे, शुक्रवारी, भागाकार येवो न येवो. "त्याची फी?" तीही नाही.

शिफ्टची वेळ झाली होती. "मग दोघांचीही दोन्हीकडं लिहा," असं म्हणून ती निघाली. मी लिहिली. धाकटीचं पहिल्या यादीतलं नाव नंतर खोडलं. तिने गोष्ट एका दमात वाचून मला शेवट विचारला होता.