पगारपत्रकाचा साचा एकदाच बांधा
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर. कारखाना चटईचा असो, पाइपचा असो की डाळ मिल असो, महिन्याच्या पहिल्या चार दिवसांत ऑफिसमधलं दृश्य सगळीकडे सारखंच दिसतं. हजेरी, पाळी, खाडे, ओटी (जादा कामाचे तास), उचल, कपाती असं सगळं कर्मचाऱ्यांची माहिती ठेवणाऱ्या एचआर सॉफ्टवेअरमध्ये भरलेलं असतं. पण मालकांना जो कागद हवा असतो, तो त्यातून थेट निघत नाही. मग ऑफिसमधलं कोणीतरी पूर्ण माहिती एक्सेलमध्ये उतरवतं, नको ते रकाने उडवतं, खात्यांप्रमाणे ओळी लावतं, खाली बेरीज मारतं, वर कारखान्याचं नाव टाकतं. पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून तेच. आम्ही या कागदाचा, म्हणजे अहवालाचा, साचा बांधून देतो: मांडणी आणि सूत्रं एकदाच ठरवायची, माहिती दर महिन्याला सॉफ्टवेअरमधून त्यात येते.

वेळ जातो, हे तर खरंच. आम्हाला जास्त काळजी वाटते ती चुकांची. सॉफ्टवेअरमधला आकडा बरोबर असतो आणि कागदावर येईपर्यंत तो बदललेला असतो, असं आम्ही अनेक ठिकाणी पाहिलं आहे.

आकडा कुठे बिघडतो

ओटीचं उदाहरण घ्या. एका कामगाराने 21 दिवस रोज दीड तास जादा काम केलं. एकूण झाले साडेएकतीस तास. एक्सेलमध्ये वेळेच्या साध्या रकान्यात ही बेरीज 7:30 अशी दिसते, कारण 24 तास पूर्ण झाले की तो रकाना घड्याळासारखा पुन्हा शून्यावर येतो. आत साठवलेला आकडा मात्र दिवसांत असतो, 1.3125. त्याला तासाच्या 80 रुपये दराने थेट गुणलं तर 105 रुपये येतात. कामगाराचे होतात 2,520. कागदावर 105 लिहून आलं आणि कोणी पाहिलं नाही, तर त्या माणसाच्या महिनाभराच्या घामाचे पैसे गेले. म्हणून तास 24 च्या पुढे दाखवणारं स्वरूप आणि 24 ने गुणणारं सूत्र, या दोन्ही गोष्टी आम्ही साच्यातच बसवतो.

दुसरी जागा लांबलचक क्रमांकांची. पीएफचा यूएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीतला कामगाराचा ओळख क्रमांक, 12 अंकी असतो. सॉफ्टवेअरमधून काढलेली साधी (सीएसव्ही) फाईल थेट एक्सेलमध्ये उघडली की तो मधल्या ‘ई’सकट आखडलेल्या रूपात दिसतो. बँक खात्याच्या क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य गळून पडतात, आणि आकडा 15 अंकांपेक्षा लांब असेल तर त्यापुढच्या अंकांच्या जागी शून्य येतात. असे क्रमांक मजकूर म्हणूनच उतरवावे लागतात. त्यांची बेरीज कधी करायची नसते, मग त्यांना आकडा मानायचं कारणच काय?

तिसरी चूक सहज डोळ्यांत येत नाही. पगाराची माहिती एका तक्त्यात असते, उचलीची दुसऱ्यात. कामगाराने महिन्यात दोनदा उचल घेतली असेल आणि दोन्ही तक्ते नुसते जोडले, तर त्याची ओळ दोनदा येते आणि 14,000 चा पगार बेरजेत 28,000 होतो. आधी प्रत्येकाच्या उचलीची बेरीज करायची, मगच ती पगाराला जोडायची. ही जोडणी नावावरून तर कधीच करू नका. आपल्या खान्देशात एका खात्यात पाटील आडनावाचे दहा-अकरा जण सहज निघतात, आणि त्यातल्या दोघांचं नावही एकच असू शकतं. कर्मचारी क्रमांक हीच ओळख धरा.

रुपये-पैशांचंही तसंच. 13,500 पगारावर ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) कामगाराचा वाटा 0.75 टक्के, म्हणजे 101.25 रुपये. नियमाप्रमाणे तो पुढच्या रुपयावर, म्हणजे 102 वर जातो. रकान्यातले दशांश नुसते लपवले तर कागदावर 101 दिसतात आणि पैसे भरल्याच्या चलनाशी मेळ बसत नाही. पीएफ मात्र जवळच्या रुपयावर जातो. 15,000 पगारावर मालकाचा वाटा 1,800. त्यापैकी पेन्शनचे, म्हणजे पगाराच्या 8.33 टक्के, 1,249.50 होतात, ते 1,250 धरले जातात आणि उरलेले 550 पीएफमध्ये. प्रत्येक कपातीची ही रीत वेगळी असते, म्हणून ती साच्यात रकान्याप्रमाणे लिहून ठेवावी लागते.

साचा म्हणजे काय

पाइपच्या कारखान्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. प्लास्टिकचा दाणा रोज नवा येतो, त्याला आकार देणारी डाय तीच राहते. अहवालाचंही असंच करायचं. वर कारखान्याचं नाव आणि महिना, त्याखाली रकान्यांची शीर्षकं, मग खात्याचं नाव, त्या खात्यातल्या माणसांच्या ओळी, खात्याची बेरीज आणि शेवटी एकूण बेरीज. ही मांडणी एकदा पक्की केली की दर महिन्याला फक्त माहिती बदलते. शीर्षकं प्रत्येक पानावर आपोआप येतात, त्यामुळे सातव्या पानावर कोणता रकाना कशाचा हे शोधायला पहिलं पान उलटावं लागत नाही. हजेरी मस्टरला 31 दिवसांचे रकाने लागतात, म्हणून तो आडव्या कागदावर घेतो. पगार चिठ्ठ्या एका पानावर तीन बसतात.

साच्यात कोणताही आकडा हाताने टाइप करून ठेवायचा नाही, एवढा एक नियम आम्ही कटाक्षाने पाळतो. व्यवसाय कराचे 200 रुपये एकदा लिहून ठेवले की फेब्रुवारीत कापायचे 300 चुकतात. दर सॉफ्टवेअरमधूनच आला पाहिजे.

चिठ्ठी कामगाराला वाचता यावी

पगार चिठ्ठी मराठीत द्या, असा आमचा आग्रह असतो. बऱ्हाणपूरकडून आलेल्या कामगाराला तीच चिठ्ठी हिंदीत द्या. खाडे किती धरले, ओटीचे तास किती, उचलीतले किती वळते झाले आणि किती बाकी, हे त्याला समोर दिसलं तर टाइम ऑफिसच्या खिडकीवरची निम्मी वादावादी होतच नाही.

मराठी चिठ्ठीला थोडी जादा मेहनत लागते. अक्षरी रक्कम लिहायला इंग्रजीत ‘ट्वेंटी’ला ‘वन’ जोडला की काम होतं. मराठीत एकोणपन्नास, त्रेसष्ट, एकोणनव्वद असे 99 पर्यंतचे शब्द वेगवेगळे असल्याने ती पूर्ण यादीच साच्याला द्यावी लागते. स्वल्पविराम आपल्या पद्धतीने पडला पाहिजे, 125,000 असा नको, 1,25,000 असा हवा. आणि नावं युनिकोडमध्ये भरलेली हवीत. जुन्या फॉन्टात टाइप केलेली नावं दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन बसतात.

आखाजी कोणत्या महिन्यात आली?

गैरहजेरीचा अहवाल मागणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला आम्ही हे विचारतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात, गावाकडचा माणूस गावी जातो आणि कारखान्यात खाडे वाढतात. 2024 मध्ये आखाजी 10 मे रोजी होती, 2025 मध्ये 30 एप्रिलला. या दोन वर्षांचे एप्रिल महिने शेजारी ठेवले तर 2025 मध्ये लोक फार दांड्या मारायला लागले, असं वाटेल. माणसं तीच, सवयी त्याच. फक्त सण महिन्याची हद्द ओलांडून अलीकडे आला. श्रावणातली कानबाई, पोळा, सारंगखेड्याची यात्रा, सगळी पंचांगाप्रमाणेच येतात.

म्हणून आम्ही अहवालात सणांचा वेगळा तक्ता जोडतो आणि आखाजीच्या आठवड्याशी आखाजीचाच आठवडा ताडून पाहतो. नुसता आकडा पाहून एखाद्या मुकादमाला जाब विचारला गेला, तर तो त्याच्यावर अन्याय आहे.

थोडं गोपनीयतेबद्दल

आधार क्रमांकाचे शेवटचे चारच अंक छापा. खातेप्रमुखाला फक्त त्याच्या खात्याचा अहवाल मिळावा. पूर्ण पगारपत्रक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. घाईत हे होतं, आणि लोकांनी एकदा उतरवून घेतलेली फाईल परत घेता येत नाही.

काम कसं चालतं

पहिल्या भेटीत आम्ही संगणक उघडत नाही. हा कागद कोण वाचणार आणि वाचून काय ठरवणार, एवढंच विचारतो. मालकाला बहुतेकदा एका पानात खर्च हवा असतो, सीएला प्रत्येक कपात हवी असते, आणि दोघांना एकच कागद देऊन कोणाचंच भागत नाही. साचा तयार झाल्यावर दोन महिने तुमचा हाताने केलेला कागद आणि साच्यातून निघालेला कागद शेजारी ठेवून ओळीओळीने तपासतो. फरक निघाला तर त्याचं कारण सापडेपर्यंत जुनी पद्धत बंद करू नका.

पहिल्या भेटीला येताना मागच्या तीन महिन्यांची पगारपत्रकं घेऊन या. कोरी प्रत नको. ज्यावर तुम्ही पेनने गोल केले, कडेला बेरीज मारली, ‘हा कोण?’ असं लिहिलं, तीच आणा. अहवालात काय कमी पडतं ते आम्हाला त्या खुणांवरून कळतं.