इंदुरात आइस रिंक चालवायची, तर गाठ जुलैशी आहे

इंदुरात आइस रिंक, म्हणजे बर्फावर स्केटिंग करायचं बंदिस्त मैदान, म्हटलं की बहुतेकांना आधी मे महिना आठवतो. बाहेर 42 अंशांचं ऊन आणि आत बर्फ, हे जमणार कसं? पण रिंकच्या इमारतीचा हिशेब मांडला, तर मे तसा सोपा जातो. खरी कसोटी जुलैत लागते.

मेमधल्या दुपारी 40 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता धरली, तर घनमीटरभर हवेत साधारण 10 ग्रॅम बाष्प असतं. जुलैत 26 अंश आणि 90 टक्के धरा, आकडा 22 ग्रॅमवर जातो. रिंकच्या आत 10 अंशांवर पाच-सहा ग्रॅमपेक्षा जास्त बाष्प परवडत नाही. ते वाढलं की बर्फालगत धुकं साचतं, छताच्या लोखंडी कैच्यांना पाणी सुटतं आणि थेंब पडतील तिथं बर्फावर टेंगळं उठतात. स्केटचं पातं अशा टेंगळावर अडलं, तर खेळणारं पोर तोंडावर पडतं. शिवाय बाष्प बर्फावर थेट गोठतं, तेव्हा ते फार उष्णता सोडतं: तेवढ्याच वजनाचं पाणी गोठवताना जेवढी काढावी लागते, तिच्या आठपटींहून जास्त. ती सगळी बर्फ थंड ठेवणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे चिलरच्या, माथी.

साध्या एसीनं हे काम होत नाही. एवढी कोरडी हवा करायला गेलं तर त्याच्या कॉइलवरच बर्फ धरतो. म्हणून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचं सावकाश फिरणारं चाक बसवतात. चाकाच्या एका भागातून जाणारी हवा ओल सोडून कोरडी होते, तर दुसऱ्या भागात गरम हवा सोडून चाक पुन्हा वाळवतात. माझ्या मते इंदुरात चिलरइतकाच विचार या यंत्राचा, आणि त्याच्या जोडीला बाहेरची ओली हवा अडवणाऱ्या दुहेरी दारांचा, व्हायला हवा.

छताकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. 20 अंशांचं साधं छत उणे 5 अंशांच्या बर्फावर दर चौरस मीटरला सुमारे 100 वॉट उष्णता नुसत्या प्रारणानं, म्हणजे स्पर्शाविना, टाकतं. उन्हात तापलेला उघडा पत्रा असेल तर याहून कितीतरी जास्त. 60 बाय 30 मीटरच्या रिंकवर प्रत्येक चौरस मीटरला शंभरचा एकेक बल्ब जळत ठेवावा, तसंच हे. पत्र्याखाली चकचकीत ॲल्युमिनियमचा पडदा ताणला की हा भार बराचसा उतरतो, कारण असा पृष्ठभाग उष्णता फार कमी बाहेर टाकतो. खर्चाच्या मानानं इतका फायदा देणारं दुसरं काम क्वचितच सापडेल.

जमिनीचा प्रश्न तर खास माळव्याचा. बर्फाखाली काँक्रीट, त्यात थंड ग्लायकॉल (शून्याखालीही न गोठणारं द्रव) फिरवणारे पाइप, त्याखाली कडक फोमच्या पाट्या. तरीही महिनोन् महिने गारवा खाली झिरपतो आणि माती गोठू लागते. आपली काळी माती पाणी धरून ठेवणारी. त्या पाण्याचे बर्फाचे थर झाले, की वरचा काँक्रीट उचलला जाऊन तडकतो. यावर उपाय दुहेरी: काळी माती खणून मुरूम-खडी भरायची, आणि फोमखाली कोमट ग्लायकॉलचे वेगळे पाइप टाकायचे. त्यांना लागणारी ऊब विकत घ्यावी लागत नाही. चिलर बर्फातून जी उष्णता काढतो, ती एरवी कूलिंग टॉवरमधून हवेतच जाते. तीच इथं वळवायची. बर्फाला नवा थर देताना लागणारं गरम पाणीही तिच्यावर बरंचसं तापतं.

पोरांची गर्दी वाढून शेजारी दुसरी रिंक करायची झाली, तर फक्त चिलर मोठा करून भागत नाही. हॉकीला उणे 5-6 अंशांचा कडक बर्फ लागतो, फिगर स्केटिंगला उणे 3-4 चा जरा मऊ. दोन्ही हॉल एकाच लाइनवर टाकले, तर दोघांनाही सर्वांत थंड ग्लायकॉल पुरवत बसावं लागतं आणि वीज फुकट जाते. प्रत्येक हॉलला आपला पंप हवा, हवा कोरडी करणारं आपलं यंत्र हवं. पहिली रिंक बांधतानाच मुख्य पाइपला व्हॉल्व्ह लावलेली जादा तोंडं ठेवली आणि यंत्रघरात एका काँप्रेसरची जागा मोकळी सोडली, तर पुढं चालू बर्फ न वितळवता नवा हॉल जोडता येतो.